पावसाळ्यावरचा निबंध डोक्यात कसा तयार होतो

‘माझा आवडता ऋतू : पावसाळा’ हा निबंध बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या शाळांतही लिहिला जातो. त्यात धरणी हिरवा शालू नेसते, मोर नाचतात, ओढे खळखळून वाहतात. लिहिणाऱ्या मुलीने पाहिलेला पावसाळा मात्र निराळा असतो. पहिल्या सरीवर पेरलेलं सोयाबीन करपलं, वडिलांनी उधारीवर बियाणं आणून दुबार पेरणी केली, जून सरला तरी गावात टँकर येतच राहिला. हे तिला कुणी पाठ करायला लावलेलं नाही, ते तिला आपसूक ठाऊक आहे. तरीही निबंधात त्यातलं काहीच उतरत नाही. असं का होतं, याचा मानसशास्त्रज्ञांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चांगला माग काढला आहे. तो आपल्या वर्गांपर्यंत पोचायला हवा, असं मला फार वाटतं.

कॅनडातले संशोधक कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी १९८७ साली लेखनाच्या दोन तऱ्हा सविस्तर मांडल्या. पहिल्या तऱ्हेत विषय वाचला की जे सुचेल ते कागदावर येतं, त्या वाक्यावरून पुढचं आठवतं आणि आठवणं थांबलं की निबंध संपतो. दुसऱ्या तऱ्हेत लिहिणारा स्वतःशीच वाद घालतो. मला नेमकं काय म्हणायचंय? वाचणाऱ्याला ते पटेल का? नाही पटलं तर आणखी काय सांगावं लागेल? या झटापटीत कधी कधी त्याचं मूळ मतही बदलतं. पहिली तऱ्हा म्हणजे आळस नव्हे. लहान वयात ती स्वाभाविकच असते, कारण तिचा डोक्यावर ताण कमी पडतो. पण ती आठवणीत सगळ्यात वर जे असेल तेच देते, आणि गाईडमधून घोकलेला परिच्छेद परीक्षेच्या दिवशी नेहमी वरच असतो.

हा ताण कसला, ते बघण्यासाठी अमेरिकेतल्या लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी एक साधी युक्ती केली. लिहिताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा, असं त्यांनी लिहिणाऱ्यांना सांगितलं आणि ते बोलणं टिपून ठेवलं. १९८१ च्या त्यांच्या लेखातून दिसलं की विचार जुळवणं, ते शब्दांत मांडणं आणि लिहिलेलं तपासणं ही कामं एकामागून एक अशी शिस्तीत होत नाहीत. एक वाक्य लिहिता लिहिता माणूस मध्येच मागचं खोडतो, पुढचा मुद्दा बदलतो, पुन्हा शब्द शोधतो. म्हणजे सगळं एकाच वेळी चालू असतं.

आणि एकाच वेळी पेलण्याची आपली कुवत फार थोडी आहे. हातातलं काम चालू असताना गोष्टी तेवढ्यापुरत्या मनात धरून ठेवते तिला कार्यस्मृती म्हणतात. नेल्सन कोवन यांनी २००१ साली अनेक प्रयोग तपासून तिची मर्यादा साधारण ४ गोष्टींवर आणली. आता सहावीतल्या मुलाचा विचार करा. अक्षर वळणदार हवं, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं, जोडाक्षर आठवायचं. घरात ‘काय करूलालास’ म्हणणाऱ्या लातूर-नांदेडकडच्या मुलाला त्यात प्रत्येक वाक्य पुस्तकी मराठीत फिरवूनही घ्यावं लागतं. इतकं झाल्यावर मुद्द्याचा विचार करायला जागा उरते कुठे? ज्या मुलांचा हात लिहिण्याला सरावलेला असतो त्यांचे निबंधही बहुधा सरस असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून पहिला खर्डा मुलांना घरच्या बोलीत, शुद्धलेखनाची धास्ती न ठेवता लिहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे. प्रमाण भाषेत आणायचं काम दुसऱ्या बैठकीतलं.

ओझं हलकं करायचा याहून सोपा उपाय जुनाच आहे : आधी मुद्द्यांचं टाचण. रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांकडून पत्रं लिहून घेतली. काहींना आधी मुद्दे काढायला लावले, काहींना थेट लिहायला. टाचण करणाऱ्यांची पत्रं चांगली उतरली, कारण काय सांगायचं हे ठरल्यावर त्यांचं सगळं लक्ष वाक्यांवर राहिलं. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांच्या हे थेट उपयोगाचं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाला ३ तास, २ निबंध आणि २५० गुण असतात. तिथे सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं टाचणाला दिली तर ती वाया जात नाहीत.

शिकवण्याबद्दलचा मोठा पुरावा स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या २००७ च्या अहवालात आहे. चौथी ते बारावीच्या मुलांवरचे कितीतरी प्रयोग एकत्र करून कोणत्या पद्धतीचा किती फायदा झाला, हे त्यांनी मोजलं. या मोजपट्टीवर ०.२ म्हणजे थोडका परिणाम आणि ०.८ म्हणजे भरघोस. लेखनाचे टप्पे उघड करून शिकवले, म्हणजे योजना कशी करायची, तपासायचं कसं, हे शिक्षकाने स्वतः करून दाखवलं, तर परिणाम ०.८२. वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवलं, तेव्हाही तेवढाच. दोघातिघांनी मिळून लिहिणं ०.७५, दोन-तीन छोटी वाक्यं जोडून एक वाक्य करण्याचा सराव ०.५०. नमुन्याचे निबंध अभ्यासायला देणं अवघं ०.२५. आणि व्याकरण वेगळं काढून शिकवणं उणे ०.३२! नियम सांगण्यात गेलेला वेळ लिहिण्यातूनच कापला जातो, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. आपल्याकडे बहुतेक वर्गांत नेमकी तळाशी असलेली दोन कामं सर्वाधिक चालतात.

सांगण्यासारखं स्वतःजवळ असलं तरी एक अडथळा राहतोच. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. समोरचा निम्मी गाणी तरी ओळखेल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं घुमत असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा ‘दिवाळी झाली की आमचा कोयता निघतो’ एवढंच लिहितो आणि पुढे जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून परतता येत नाही आणि म्हणून शाळा मागे पडते, हे सगळं त्याच्या त्या एका वाक्यात भरलेलं असतं. दूरच्या शहरात पेपर तपासणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. वाचणाऱ्याला काय माहीत नसेल, हे एकट्याने बसून कळणं अवघड असतं. ते कळण्यासाठी दुसरा माणूस लागतो.

इथे फेरलेखनाचा प्रश्न येतो. नॅन्सी सोमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक खाडाखोड कशी करतात, याची तुलना केली. विद्यार्थी शब्द बदलत होते. लेखक आपला युक्तिवाद उभा राहतो का, ते बघत होते आणि गरज पडली तर परिच्छेदच्या परिच्छेद हलवत होते. आपल्या वह्यांत लाल शाईच्या खुणा ऱ्हस्व-दीर्घावर असतात, त्यामुळे मुलांनाही दुरुस्ती म्हणजे वेलांटी बदलणं असंच वाटतं. याऐवजी निबंध दोन दिवस बाजूला ठेवून बाकावरच्या सोबत्याला मोठ्याने वाचायला द्यावा. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. वाचणारा जिथे अडेल किंवा ‘म्हणजे काय रे?’ विचारेल तिथे पेन्सिलने फुली मारायची, आणि दुसरा खर्डा त्या फुल्यांपासून सुरू करायचा. शुद्धलेखन त्यानंतर.