कंडिशन कशाची? कापसाची, हवेची का म्हशीची?

दिवाळीनंतर मामांसोबत पारोळ्याकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर गेलो होतो. ट्रॉली कापसाने गच्च भरलेली, तिथला माणूस आला, आधी कोपरापर्यंत हात आत घातला, मग ओलावा मोजायच्या मीटरची दांडी खुपसली, स्क्रीनवर आकडा आला तेरा पॉइंट काहीतरी. "कापूस वल्ला शे भाऊ," एवढंच बोलला आणि पुढच्या ट्रॉलीकडे गेला. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं.

सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. कारण सरळ आहे, १२ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर कापसात १२ किलो नुसतं पाणी असतं, आणि पाण्याला कापसाचा भाव कोण देईल? मीटरचं काम पण सोपं आहे, कोरड्या कापसातून वीज जवळजवळ जातच नाही, पाणी वाढलं की जायला लागते, तेवढं ते मोजतं. म्हणून दांडीभोवतीचा कापूस सैल आहे का दाबलेला यानेही आकडा थोडा हलतो.

आता मजा बघा. परत येताना गाडीत बसलो, ड्रायव्हर म्हणे गाडी एकदम कंडिशनमध्ये आहे, एसी लावू का. त्या एसीमधला 'कंडिशनिंग' हा शब्द आला कुठून, तर सुताच्या गिरणीतून! आणि गिरणीत त्याचा अर्थ थंड करणे असा नव्हताच, ओलावा नीट करणे असा होता. मामांचं दुखणं आणि गाडीतला एसी एकाच घरातले.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मिळून बोलून ठरवलेलं', म्हणजे अट, करार. 'माझी एकच कंडिशन आहे' असं आपण म्हणतो ना, तो सगळ्यात जुना अर्थ. त्यावरून परिस्थिती, मग अवस्था (पेशंटची कंडिशन), आणि मग एखादी वस्तू हव्या त्या अवस्थेला आणणे. व्यापारात हे फार आधी शिरलं. फ्रान्समध्ये लिऑनला रेशमाचा मोठा बाजार, आणि रेशीम पाणी पितं, म्हणजे दमट दिवशी विकलं तर विकणारा खूश आणि कोरड्या दिवशी घेणारा खूश. रोजची भांडणं. शेवटी १८०५ मध्ये नेपोलियनच्या राज्यात तिथे सरकारी कंडिशनिंग हाऊस सुरू झालं. पुढे पद्धत अशी बसली की नमुना भट्टीत पूर्ण सुकवायचा, त्या कोरड्या वजनात ठरलेले ११ टक्के पाणी धरायचं, आणि तेच खरं वजन. कापसासाठी हाच आकडा साडेआठ टक्के धरतात. म्हणजे आपल्याकडे आज जे चाललंय ते तिकडे दोनशे वर्षांपूर्वी चाललं होतं.

कापूस पाणी का पितो? तो जवळपास सगळा सेल्युलोज, आणि त्याच्या रेणूंवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा ठासून भरलेल्या. हवा दमट झाली की घेतो, कोरडी झाली की सोडतो, तुम्ही त्याला हातही लावायची गरज नाही. गिरणीत मात्र कोरडं सूत म्हणजे कटकट, फटाफट तुटतं, घासून त्यात वीज साठते, तंतू फुलून उभे राहतात. ओलावा असला की कापसाचा धागा उलट मजबूत होतो. म्हणून अमेरिकेतला स्टुअर्ट क्रेमर नावाचा कापड गिरण्यांचा इंजिनिअर हवेत पाणी फवारायची, हवा धुवायची यंत्रं बसवत होता, आणि सुताचं कंडिशनिंग असतं तसं हे हवेचं कंडिशनिंग, असं नाव त्याने १९०६ साली दिलं. त्याच्या चार वर्षं आधी विलिस कॅरियर या इंजिनिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्र आखलं होतं, तिथेही रडगाणं ओलाव्याचंच, दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत. माणसाला गार वाटावं म्हणून या दोघांनी सुरुवात केलीच नव्हती, माणूस नंतर घुसला.

आपल्या कूलरचं पण तेच. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो पण हवा खडखडीत कोरडी, कूलरच्या गवतावरून पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जुलैत तोच कूलर, तेच गवत, पण हवा आधीच भरलेली, मग नुसता चिकचिकाट.

मानसशास्त्रात हा शब्द पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञामुळे गेला. कुत्र्याला खाण्याआधी रोज ठरावीक आवाज ऐकवला तर पुढे नुसत्या आवाजाने लाळ सुटते. गंमत म्हणजे पावलोव्हचा रशियन शब्द 'सशर्त' अशा अर्थाचा होता, म्हणजे अट पूर्ण झाली तरच होणारी क्रिया. इंग्रजीत येताना भाषांतरात घोळ झाला आणि 'कंडिशन केलेला' असा अर्थ चिकटला. कुत्र्याचं जाऊ द्या, गोठ्यात बघा. मामी चरवी आणि पेंडीची बादली घेऊन येते, बादलीची कडी खणखणते आणि सडाला हात लागायच्या आधी म्हैस पान्हावते. त्या आवाजाने मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि दूध सडात उतरतं. मी एकदा हौसेने बसलो तर थेंब नाही, "तिनी पान्हा चोरा," मामी म्हणे. चोरला वगैरे काही नाही, अनोळखी माणसाने ती बिचकली आणि बिचकल्यावर सुटणारं ॲड्रेनालिन त्या ऑक्सिटोसिनचं काम अडवतं.

आपल्या पाठ्यपुस्तकात याला अभिसंधान म्हणतात आणि एसीला वातानुकूलन, दोन्ही शब्द परीक्षेपुरते. घरात आपण काय बोलतो? लोणचं मुरतं, गोऱ्हा जुवाला रुळतो, चप्पल पायात बसते, माणूस उन्हाला सरावतो. मला यात एक गोष्ट फार आवडते, आपली क्रियापदं बहुतेक वस्तूच्या बाजूने बोलतात. इंग्रजीत कोणीतरी बाहेरून येऊन कंडिशन करतो, आपल्याकडे लोणचं स्वतःच मुरतं, आपण फक्त बरणीचं तोंड बांधतो. मुरवणे आहे, वळण लावणे पण आहे, पण ते बोलताना जरा दटावल्यासारखं वाटतं.

आणि उन्हाला सरावणं ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. रोज थोडं उन्हात काम केलं तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर खरंच बदलतं, घाम लवकर आणि जास्त येतो पण त्यात मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, तेवढ्याच कामाला नाडी कमी पळते. पुण्याहून मे महिन्यात लग्नाला आलेला पाहुणा दुपारी आडवा होतो तो नाजूक असतो म्हणून नाही, त्याचे ते दिवस भरलेले नसतात. दिवसभर एसीत बसलं की हा सराव काही आठवड्यांत उतरतो सुद्धा.

बाटलीतलं हेअर कंडिशनर राहिलंच. खराब झालेल्या केसावर ऋण भार असतो आणि त्यातले धन भाराचे रेणू तिथेच जाऊन चिकटतात, म्हणून केस मऊ लागतात.

मामांनी घरी येऊन कापूस ओट्यावर पसरला, दोन दिवस चांगलं ऊन दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे भरायचा म्हणत होते. मी म्हटलं मामा, रात्रीच्या दवात तो परत पाणी पितो, दुपारी भरा, एखादा पॉइंट तरी कमी येईल. मामा हसले, म्हणे चाळीस वर्षं कापूस पिकवतोय, हे तू मला सांगतोस? पण ट्रॅक्टरवाल्याची कंडिशन आहे ना, सकाळी सातला निघायचं, नाहीतर दुसरं भाडं घेईन.