गर्दी उघड्यावर, संसर्ग आडोशाला

२०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, स्टर्जिस नावाच्या गावी मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरली. गावची वस्ती जेमतेम सात हजार आणि दहा दिवसांत येऊन गेलेले लोक सुमारे ४ लाख ६० हजार. करोनाची साथ चालू होती, मास्कची सक्ती नव्हती. सप्टेंबरमध्ये चार अर्थशास्त्रज्ञांनी या जत्रेचा हिशेब मांडला : महिनाभरात देशभर २,६६,७९६ जणांना लागण. आकडा जगभर छापून आला. शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या आरोग्य खात्याने मात्र एकेका रुग्णाची चौकशी केली, तेव्हा जत्रेला गेल्यामुळे बाधित झालेले त्यांना सापडले ५१.

एक आकडा देशाचा, दुसरा एका राज्याचा. पण दोघांतली दरी एवढ्याने भरून निघत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी कुठल्याही रुग्णाला विचारलं नव्हतं. मोबाइल फोनच्या नोंदींवरून कुठल्या जिल्ह्यांतून जास्त लोक स्टर्जिसला गेले ते त्यांनी काढलं आणि जिथून फारसं कुणी गेलं नाही अशा जिल्ह्यांशी त्यांची तुलना केली. रुग्णवाढीत जो फरक दिसला तो जत्रेच्या नावे लिहिला. यातली अडचण अशी, की ज्या भागातले लोक साथीतही जत्रेला जातात, तिथले लोक घरच्या लग्नांना, हॉटेलांत, बारमध्येही जात असतात. शिवाय त्याच सुमारास शाळा-कॉलेजं उघडत होती. या सगळ्याचं ओझं एकट्या जत्रेवर पडलं, असा आक्षेप बऱ्याच साथरोगतज्ज्ञांनी घेतला आणि मला तो पटतो. पण ५१ हा आकडाही तोकडाच. लक्षणं नसलेले तपासणी करून घेत नाहीत, आणि ‘कुणाकुणाला भेटलात?’ या प्रश्नाला सगळे सरळ उत्तर देत नाहीत.

गंमत नव्हे, खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. यातल्याच काही संशोधकांनी काही महिने आधी आणखी एका गर्दीचा अभ्यास केला होता. २५ मे २०२० ला मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले. संशोधकांनी ३१५ मोठी शहरं तपासली. ज्या शहरांत निदर्शनं झाली, तिथे पुढच्या तीन आठवड्यांत रुग्णवाढ वेगाने झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण फोनच्या नोंदींत दिसलं : मोर्चे निघाले त्या शहरांत बाकीचे लोक घराबाहेर कमी पडले. कुणी दंग्याच्या भीतीने, कुणी रस्ते बंद म्हणून. मोर्चेकऱ्यांपैकी कुणालाच लागण झाली नाही, असं हा अभ्यास म्हणत नाही. शहराची एकूण बेरीज वाढली नाही, एवढंच तो म्हणतो. ही दोन विधानं वेगळी आहेत, आणि साथीच्या काळात सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

आता हवेकडे वळू. आपण बोलतो, गातो, घोषणा देतो, तेव्हा तोंडातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. बारीक कण सिगारेटच्या धुरासारखे तरंगत राहतात. बंद खोलीत धूर साचतो. अंगणात कुणी विडी ओढली तर शेजारी बसलेल्याला वास येतो, दहा पावलांवरच्याला येत नाही. उघड्यावर वारा हे कण क्षणात पांगवतो. उन्हाचाही हातभार असतो : प्रयोगशाळेत सूर्यप्रकाशासारख्या उजेडात तरंगत्या कणांमधले ९० टक्के विषाणू २० मिनिटांच्या आत निकामी झाले.

दुसऱ्याचा किती श्वास आपण घेतो, हे मोजताही येतं. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. उच्छ्वासात तो सुमारे ४०,००० असतो. माणसांनी भरलेल्या, काचा लावलेल्या बसमध्ये हा आकडा २,००० झाला, तर हिशेब असा निघतो, की आपला साधारण दर पंचविसावा श्वास हा दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला आहे. मैदानात हा आकडा ४२० च्या फारसा वर जात नाही.

प्रत्यक्षातल्या नोंदी याला धरूनच आहेत. आयर्लंडमध्ये मार्च २०२१ पर्यंतच्या २,३२,१६४ रुग्णांपैकी उघड्यावरच्या लागणीशी जोडता आले फक्त २६२. चीनमध्ये हुबेई प्रांताबाहेरच्या सात हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा उघड्यावर घडलेली एकच घटना सापडली आणि तीत दोन माणसं होती. याउलट वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायकवृंदाचा अडीच तासांचा बंदिस्त सराव झाला. हजर ६१, बाधित ५३, त्यातले दोघे दगावले.

मात्र आयर्लंडच्या आकड्याकडे थोडं सावध होऊन पाहायला हवं. घरात कुणाकडून लागण झाली ते सांगता येतं. मोर्चात मागे उभं राहून घोषणा देणाऱ्या अनोळखी माणसाचं नाव कोण सांगणार? उघड्यावरची लागण खरोखर कमी असते, आणि जी असते तिचा माग लागणंही अवघड असतं.

मग मोठ्या जमावांनंतर साथ फैलावते, ती कुठे? जर्मनीतल्या एका अभ्यासाने याचा धागा चांगला पकडला. नोव्हेंबर २०२० मध्ये लाइपझिग आणि बर्लिनला निर्बंधांच्या विरोधात मोठी निदर्शनं झाली. निदर्शकांना नेणाऱ्या बसगाड्या ज्या गावांत थांबत होत्या, त्या गावांच्या भागात पुढे रुग्ण जास्त वाढले. ही निदर्शनं झाली नसती, तर नाताळपर्यंत १६,००० ते २१,००० जणांची लागण टळली असती, असा त्यांचा अंदाज आहे. स्टर्जिसला घेतलेले आक्षेप थोड्याफार प्रमाणात इथेही लागू पडतात. तरी बसथांबे धरून शोध घ्यायची कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण ती सभेपेक्षा सभेला येण्याजाण्याकडे बघते.

स्कॉटलंडचंही तेच. २०२१ च्या जूनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेशी जोडलेले १,९९१ रुग्ण तिथे नोंदले गेले. त्यांतले १,२९४ लंडनला जाऊन आलेले होते. पण वेम्बलीच्या मैदानात सामना पाहिलेले ३९७. उरलेले सुमारे ९०० मैदानात गेलेच नव्हते. प्रवास, पब, दाटीवाटीच्या खोल्या हे मात्र त्यांच्याही वाट्याला आलं होतं.

पण म्हणून उघडं आकाश म्हणजे अभयदान, असंही नाही. जुलै २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात दोन दिवसांचा उघड्यावरचा संगीत महोत्सव झाला. सुमारे २०,००० लोक आणि आत जायला तपासणीचा किंवा लसीचा दाखला. तरी सुमारे १,००० जण बाधित झाले. विषाणूचा डेल्टा प्रकार, खांद्याला खांदा लावून तासन् तास नाच, ओरडून गाणं, आणि दीड-दोन दिवसांपूर्वीची तपासणीही चालत होती. चेहऱ्यासमोर चेहरा असला, की वाऱ्याला मध्ये शिरायला जागाच उरत नाही.

या विषयावर बोलताना अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली, इन्फ्लुएन्झाच्या साथीतली मिरवणूक हमखास निघते. २८ सप्टेंबर १९१८, युद्धरोख्यांसाठी काढलेली मिरवणूक, पाहायला दोन लाख लोक. तीन दिवसांत रुग्णालयं भरली आणि पुढच्या काही आठवड्यांत १२,००० हून जास्त मृत्यू. सेंट लुइस शहराने वेळेत दारं लावली आणि तिथे मृत्यूंचा कळस कितीतरी खाली राहिला. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. फिलाडेल्फियात नागरिकांमध्ये इन्फ्लुएन्झा १७ सप्टेंबरलाच नोंदला गेला होता, गोदीतले खलाशी त्याहून आधीपासून आजारी होते. तीन दिवसांत रुग्णालयं भरतात याचा अर्थ, माझ्या मते, मिरवणुकीत उभे असलेल्यांपैकी बरेच जण आधीच आजार घेऊन आले होते. आणि सेंट लुइसने बंद केलं ते काय? शाळा, नाट्यगृहं, चर्च. बहुतेक छपराखालची ठिकाणं. तीही पहिले रुग्ण दिसल्यावर दोन दिवसांत. फिलाडेल्फियाला तेवढ्यासाठी सोळा दिवस लागले.

आपल्याकडे एप्रिल २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्याबद्दल असंच बोललं जातं. १२ एप्रिलच्या शाही स्नानाच्या वेळी देशात रोजचे दीड लाखांहून जास्त रुग्ण सापडत होते, अमरावतीत तर फेब्रुवारीतच टाळेबंदी लावावी लागली होती. दुसरी लाट कुंभाने आणली नाही. पण भरलेल्या आश्रमांत राहून, भरलेल्या रेल्वेडब्यांतून लाखो माणसं गावोगाव परतली. गंगेच्या काठावरच्या स्नानापेक्षा मला या परतीच्या प्रवासाची जास्त भीती वाटते.

पायी वारीचा विचार केला, तर दिवसभरातलं दिवे घाटातलं चालणं, मोकळा वारा आणि पावसाची सर यांत धोका थोडाच. धोका मुक्कामी. राहुटीत दाटीने झोपलेली माणसं, गावातल्या शाळा, मठ, धर्मशाळा, पंढरपुरातली तासन् तास सरकणारी दर्शनबारी. वाटेवरची गावं वारकऱ्यांना घरात घेतात, आणि घरात म्हातारी माणसं असतात. २०२० आणि २०२१ ला पायी वारी थांबवली, ती या मुक्कामांमुळे योग्यच होती असं मी मानतो. ३० जून २०२० ला पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला निघाल्या. तेवढेच वारकरी मोकळ्या रस्त्याने चालले असते, तर चालताना झालेली लागण काचा बंद केलेल्या बसमधल्यापेक्षा बहुधा कमीच भरली असती. अडचण होती ती त्यांना रात्री झोपवायचं कुठे ही.