पृष्ठवंशी प्राणी

पृष्ठवंशी प्राणी : रज्जुमान (समपृष्ठरज्जू) संघातील सर्वांत मोठा उपसंघ. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन प्राणी यांचा त्यात समावेश होतो. वर्णन झालेल्या जाती ७०,००० च्या पुढे असून त्यांतील सुमारे निम्म्या माशांच्या आहेत. एकूण ज्ञात प्राणिजातींत या उपसंघाचा वाटा जेमतेम पाच टक्के भरतो.

लक्षणे : आयुष्याच्या निदान एखाद्या अवस्थेत पृष्ठरज्जू (पाठीच्या बाजूची लवचीक दांड्यासारखी रचना), पाठीकडील पोकळ चेतारज्जू, घशाच्या भिंतीतील कल्लाविदरे (कल्ल्यांच्या फटी) आणि गुदद्वारामागे वाढलेली शेपटी ही चार लक्षणे सर्वच रज्जुमानांत आढळतात. पृष्ठवंशींत त्यांखेरीज मेंदूला वेढणारी कवटी, पोटाच्या बाजूचे कप्पेदार हृदय, बंदिस्त रक्ताभिसरण, वृक्क (मूत्रपिंड) आणि हालचालीच्या अवयवांच्या (पाय, पंख, पर इ.) फार तर दोन जोड्या असतात. तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिन जवळजवळ सार्वत्रिक आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड समुद्रातील काही माशांचे रक्त मात्र त्यावाचून रंगहीन असते.

पृष्ठवंश म्हणजे मणक्यांची माळ. बाजारात आडव्या कापलेल्या सुरमईच्या तुकडीत मधोमध दिसणारी गोल चकती हा मणक्याचा मुख्य भाग होय. तिच्या दोन्ही बाजू वाटीसारख्या खोलगट असतात आणि लगतच्या दोन मणक्यांमधल्या पोकळीत पृष्ठरज्जूचा मऊ अवशेष राहतो. वरच्या कमानीतून चेतारज्जू जाते. शेपटीच्या भागात खालच्या कमानीतून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पक्ष्यांच्या मानेतील मणक्यांची टोके खोगिराच्या आकाराची असतात, तर सस्तन प्राण्यांची बहुधा सपाट. सस्तन प्राण्यांत मानेचे मणके सात असतात, मग तो उंदीर असो वा जिराफ; मॅनॅटी व स्लॉथ हे अपवाद. मानवात पृष्ठरज्जू मणक्यांमधील चकत्यांच्या गाभ्यापुरती उरते. स्टर्जन आणि फुप्फुसमीन यांच्यात ती जन्मभर अखंड राहते.

मणक्यांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आता भ्रूणातील चेताशिखेच्या पेशींना दिले जाते. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये वर्णिलेल्या या पेशी चेतानलिकेच्या (जिच्यापासून मेंदू व चेतारज्जू बनतात त्या नळीच्या) कडेवरून सुटून शरीरभर पसरतात आणि चेहऱ्याच्या कवटीचा बराच भाग, रंगपेशी व काही चेतापेशी घडवतात. पृष्ठवंशींचे डोके ही त्यांच्या पूर्वजांत नसलेली नवी रचना आहे, असे गॅन्स व नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये मांडले ते मुख्यतः यांवरूनच. पुढे कंचुकयुक्त प्राण्यांत (पिशवीसारखे समुद्री रज्जुमान; हर्डमानिया, सायोना इ.) या पेशींची आठवण करून देणाऱ्या पेशी सापडल्या, त्यामुळे ‘नवी’ हे विशेषण जपून वापरावे लागते.

उत्पत्ती : हा प्रश्न जुना आणि वादग्रस्त आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ झोफ्रवा सेंतिलेर यांनी १८२२ मध्ये शेवंड्यासारखा प्राणी उलटा केला की त्याची शरीररचना पृष्ठवंशींसारखी दिसते, असे मत मांडले. त्यांचे सहकारी क्यूव्हिए यांना ते अमान्य होते. १८३० मध्ये पॅरिसच्या अकादमीत दोघांचा प्रसिद्ध वाद झाला. त्यानंतर डोर्न यांनी वलयी कृमींना, तर गॅस्केल यांनी लिम्युलससारख्या (नालखेकडा) संधिपादांना पूर्वज ठरवले. गॅस्केल यांची उपपत्ती आज कोणी धरत नाही. झोफ्रवा यांची कल्पना मात्र अनपेक्षितपणे परतली : कीटकांत पोटाची व पृष्ठवंशींत पाठीची बाजू ठरवणारी जनुके एकाच कुळातील असल्याचे १९९० नंतर दिसून आले. याने संधिपाद पूर्वज ठरत नाहीत. शरीराचा अक्ष कधीतरी उलटला असावा, एवढेच सूचित होते.

कोव्हालेव्हस्की यांनी १८६६ च्या सुमारास कंचुकयुक्तांच्या डिंभात (पोहणाऱ्या बाल्यावस्थेत) पृष्ठरज्जू दाखवून दिली. तरीही विसाव्या शतकात बहुतेकांनी अँफिऑक्सस या माशासारख्या लहान समुद्री रज्जुमानालाच पृष्ठवंशींचा जवळचा आप्त मानले. २००६ पासूनच्या जनुकीय तुलनांत कंचुकयुक्त प्राणीच अधिक जवळचे ठरले असून तेच मत आता ग्राह्य वाटते. प्रौढपणी खडकाला चिकटून बसणाऱ्या, पिशवीसारख्या प्राण्याशी हे नाते पटायला जड जाते हे खरे.

जीवाश्मांत चीनच्या युनान प्रांतातील चेंगजियांग येथील हैकोइक्थिस व मायलोकुनमिंजिया (१९९९) हे सर्वांत जुन्यांपैकी मानले जातात. त्यांचे वय सुमारे ५२ कोटी वर्षे धरतात. त्यांच्यातील काही खुणा मणक्यांच्या आहेत की नाहीत यावर एकमत नाही.

वर्गीकरण : लामार्क यांनी १८०१ च्या सुमारास पाठीचा कणा असलेले व नसलेले अशी विभागणी रूढ केली. पाठ्यपुस्तकांत चक्रमुखी (जबडे नसलेले लँप्री व हॅगफिश), मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन हे वर्ग येतात. त्यांपैकी चक्रमुखी हा खरा कसोटीचा गट. लँप्रीत मणक्यांऐवजी कूर्चेचे लहान तुकडे असतात. हॅगफिशला कवटी आहे, पण मणके जवळजवळ नाहीतच. लिनीअस यांनी १७५८ मध्ये हॅगफिशला कृमींत घातले होते. लँप्री जबडाधारी प्राण्यांना अधिक जवळचा, असे मत १९७७ नंतर बळावले आणि काहींनी हॅगफिशला पृष्ठवंशींतून वगळले. तथापि रेणवीय पुरावा दोघांना एकत्र ठेवतो आणि २०११ मध्ये जपानी संशोधकांनी हॅगफिशच्या भ्रूणात मणकासदृश घटक दाखवले. सबब त्याचे मणके पुढे क्षीण झाले, हे स्पष्टीकरण सरस ठरते.

उरलेल्या वर्गांपैकी ‘मत्स्य’ व रूढ अर्थाने ‘सरीसृप’ हे गट वंशावळीच्या कसोटीवर टिकत नाहीत. फुप्फुसमीन सुरमईपेक्षा बेडकाच्या जवळचा आहे आणि मगर सरड्यापेक्षा पक्ष्याच्या. तरीही व्यवहारात जुने वर्गच सोयीचे पडतात. मुशी, पाकट यांसारखे कूर्चामीन आणि अस्थिमीन यांतला भेद मात्र पक्का आहे.

महाराष्ट्रातील नोंदी विखुरलेल्या आहेत. आंबोलीहून २००३ मध्ये देवगांडुळाची (पायहीन उभयचर) गेगेनिओफिस डॅनिएली ही जाती वर्णिली गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लॅमेटा थरांत (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील खडकांत) टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात अस्तित्वात होते, याचा हा पुरावा मानला जातो.