आमरीची मुळं आणि सिंगापूरची तळी

सिंगापूरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, 'गार्डन्स बाय द बे'त काय पाहिलंत? पन्नास मीटरपर्यंत उंच 'सुपरट्री', म्हणजे झाडाच्या आकाराचे मनोरे, आणि काचेच्या प्रचंड घुमटांचे फोटो लगेच समोर येतील. आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं नाव सहसा निघत नाही. पण त्यातल्या 'बे साउथ' या ५४ हेक्टरांच्या बागेचा आराखडा 'ग्रँट असोसिएट्स' या ब्रिटिश कंपनीनं बेतला तो आमरीवरूनच.

आमरीच का, तर 'वांडा मिस जोकिम' ही संकरित आमरी १९८१पासून सिंगापूरचं राष्ट्रीय फूल आहे. अॅग्नेस जोकिम या आर्मेनियन घराण्यातल्या बाईंची ही आमरी; वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री रिडली यांनी १८९३ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. 'वांडा' हे नाव संस्कृत 'वन्दा'वरून आलं. गंमत म्हणजे हिच्या दोन पूर्वजांपैकी एक मलेशियातल्या किंटा खोऱ्याच्या दलदलीत इतकी माजायची, की लोक तिला तणच म्हणत. म्हणजे पाणथळीशी नातं पूर्वजांपासूनचं.

आराखड्यात घुमट म्हणजे मूळ, जमिनीचे उंचवटे म्हणजे पानं, वाटा म्हणजे कोंब, पाणी-विजेच्या वाहिन्या म्हणजे उपमुळं, आणि छोट्या बागा व सुपरट्री ही फुलं. खरं सांगायचं तर वाटेवरून चालणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आकार कळतो तो नकाशावर. नुसत्या आकाराचं मला फारसं कौतुक नाही. कमळासारख्या इमारती जगात पैशाला पासरी आहेत. इथं पाहायची ती मुळं.

सह्याद्रीत झाडावर फुललेली सीतेची वेणी ही आमरी दिसली, तर तिचं हवेत लोंबणारं मूळ जरूर बघा. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं असतं; पाणी शिंपडा, बघता बघता हिरवट होतं. त्यावर मृत पेशींचं स्पंजासारखं वेष्टण असतं. ते पावसाचं पाणी आणि त्यात विरघळलेली पोषकद्रव्यं झटकन धरून ठेवतं आणि आतल्या जिवंत पेशींना सावकाश पुरवतं.

बागेतली ड्रॅगनफ्लाय आणि किंगफिशर ही तळी जवळपास हेच करतात. बागेवर पडलेलं पाणी वाहत येतं ते माती, खत आणि कचरा घेऊन. तळ्यांच्या तोंडाशीच पाणवनस्पतींचे दाट वाफे लावलेत. त्यांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ तळाला बसतो. पुढचं काम मुळांवरच्या जिवाणूंचं. मुळांलगत ऑक्सिजन असतो, तिथं ते अमोनियाचं नायट्रेट करतात. खालच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. काही नायट्रोजन आणि फॉस्फरस वनस्पतीच खातात. हे झालं नाही, तर शेवाळ माजून तळं हिरवंगार, वास मारणारं होईल. झाडं वेळच्या वेळी छाटून बाहेरही काढावी लागतात, नाहीतर कुजून शोषलेलं सगळं परत पाण्यात. गाळलेलं पाणी बागेच्या शिंपणाला लागतं. उरलेलं शेजारच्या मरीना जलाशयात जातं. हा जलाशय म्हणजे पूर्वीची समुद्राची खाडी. २००८ साली तिच्या तोंडाशी बंधारा पुरा झाल्यावर ती गोड्या पाण्याचा साठा बनली, त्यामुळे गाळण नीट होणं अगत्याचं.

उष्ण शहरात एवढं साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रणच. पण तळ्यांची नावं चतुर आणि खंड्यावरून ठेवलीत, त्यात चतुराचं नाव तरी नुसतं शोभेचं नाही: त्याची पिल्लं पाण्याखालीच वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात.