नर गिनीपिगांची जोडी

नर गिनीपिगांची जोडी म्हणजे दोन नर गिनीपिग एकाच पिंजऱ्यात, मादी जवळपास नसताना, कायमचे सोबत ठेवणं. हा प्राणी कळपातला, एकट्याने राहणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून एकच आणला तर कोपरा धरून बसतो आणि नर-मादी आणले तर थोड्याच दिवसांत घरात पिल्लंच पिल्लं, त्यामुळे ज्यांना पिल्लं नकोत त्यांच्यासाठी दोन माद्या नाहीतर दोन नर हाच सोपा रस्ता उरतो. दोन नर सोबत राहूच शकत नाहीत असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. वाटी एक, बाटली एक, घर एक असं असलं की भांडतात, आणि आपल्या विदर्भात उन्हाळ्यात गार कोपरा एकच असला की हमखास भांडतात. हा शेवटचा मुद्दा थंड देशातल्या माहितीत सापडत नाही कारण तिकडे त्याची गरजच पडत नाही.

प्राणी नेमका कोणता

शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस. गिनी देशाशी संबंध नाही आणि डुकराशी तर नाहीच नाही, हा उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी आहे, फक्त शेपूट नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, तिथे हजारो वर्षांपासून माणसाळलेला आहे आणि पेरू-बोलिव्हियात आजही खाण्यासाठी पाळतात, आपल्याकडे कोंबड्या पाळतात तसंच. १६ व्या शतकात युरोपात गेला आणि तिथून प्रयोगशाळांत आणि मुलांच्या खोल्यांत पोचला. वाढलेला नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅम भरतो, नीट सांभाळला तर ५ ते ८ वर्षं जगतो. गावात याला कोणी बिनशेपटीची घूस म्हणतं, कोणी पांढरा उंदीर, आणि पहिल्यांदा पाहणारा म्हातारा माणूस "हे उंदरं कायले पायता बाप्पा, त्यापेक्षा कोंबड्या पाया" असा सल्ला दिल्याशिवाय जात नाही.

जोडी नराचीच आहे ना

सगळ्यात आधी हे पाहायचं. विकणाऱ्यालाच बरेचदा कळत नाही, सशासोबत एकाच टोपलीत ठेवलेले असतात आणि "दोन्ही नरच आहे भाऊ" असं ठोकून देतो. पोटाखाली शेपटीच्या जागेजवळ हलकं दाबलं की नराचं लिंग बाहेर डोकावतं, मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी फट दिसते, आणि शंका असेल तर जनावराच्या डॉक्टरला दाखवायचं कारण चूक महागात पडते. मादी ५९ ते ७२ दिवसांत विते, पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि व्याल्यावर काही तासांतच ती परत गाभण राहू शकते. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं काढावं लागतं, इतक्या लवकर ते वयात येऊ लागतं.

जागा

दोन गिनीपिगांना कमीत कमी साडेसात चौरस फूट म्हणतात पण नरांना दहाच्या खाली जाऊ नये, म्हणजे दोन फूट रुंद आणि पाच फूट लांब असा सपाट चौक. उंची वाढवून, मजले करून फायदा नाही, हा प्राणी चढत नाही, पळतो. पक्षी ठेवायचे पिंजरे यासाठी बिलकुल कामाचे नाहीत, आणि तळाला तारेची जाळी असेल तर तळपायाला जखमा होतात. गावात सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या कूलरच्या किंवा कोंबडीच्या खुराड्याच्या जाळ्या बाजूने उभ्या करायच्या, खाली प्लास्टिकची ताडपत्री, तिच्यावर पोतं आणि वरून जुनी सुती गोधडी किंवा चादर, जी रोज झटकायची आणि दोन-तीन दिवसांनी धुवायची. आरा मशीनवरचा भुसा फुकट मिळतो म्हणून लोक आणतात, पण त्याची बारीक धूळ नाकात जाते आणि यांची छाती नाजूक, शिंका सुरू झाल्या की निमोनियापर्यंत जायला वेळ लागत नाही. वरून झाकण पाहिजेच. मांजर, मुंगूस, साप, कुत्रं, सगळेच येतात, आणि दार उघडं राहिलं तर वानर येऊन खाणं तरी नेतंच.

आता मुख्य गोष्ट. पिंजऱ्यात प्रत्येक वस्तू दोन. दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, गवताचे दोन ढीग, दोन लपायची घरं, आणि हे सगळं एकमेकांपासून लांब, दोन टोकांना, नाहीतर दांडगा नर मधोमध बसून दोन्हीवर हक्क सांगतो. घराला दारं दोन पाहिजेत. एका दाराच्या घरात लहान नर शिरला आणि मोठा दारात उभा राहिला की आतल्याला पळायला जागा नाही आणि तिथेच पहिला चावा बसतो. कवेलू दोन्ही बाजूंनी उघडं असतं म्हणून डोक्यात येतं, पण ते लहान पडतं. तेलाच्या पिशव्यांचा पुठ्ठ्याचा खोका दोन बाजूंनी कापला तर झकास घर होतं, कुरतडला की दुसरा. फुटका माठ वापरायचा तर मागून दुसरं भोक पाडा आणि कडा घासून घ्या.

जुळवणं

सगळ्यात सोपी जोडी म्हणजे एक मोठा नर आणि दुसरं सहा-आठ आठवड्यांचं पिल्लू. मोठा पहिल्याच दिवशी मालक ठरतो आणि पिल्लू ते मान्य करतं. दोन सख्खे भाऊही चालतात. दोन मोठे अनोळखी नरही जमतात पण नशिबाचा भाग जास्त. तिसरा नर मात्र आणूच नये, दोघांत तिसरा आला की सगळी गणितं फिसकटतात. आणि घरात मादी नको, शेजारच्या खोलीतही नको, मादीला हात लावून तोच हात नराच्या पिंजऱ्यात घातला तरी वास पोचतो.

नवा आणला की आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचा, कारण गजकर्ण, खरजेचे किडे, शिंका हे सगळं त्याच्यासोबत येऊ शकतं. मग ज्या जागेवर दोघांपैकी कोणाचाच वास नाही अशी जागा घ्यायची, ओसरी किंवा माजघर, स्वच्छ पुसलेलं, त्यात चार-पाच फुटांचं कुंपण आणि मधे हिरव्या गवताचा मोठा ढीग. घर ठेवायचं नाही. दोघांना सोबतच सोडायचं आणि आपण बाजूला बसायचं, निदान दोन-तीन तास, मधे उठून वावरात जायचं नाही.

यानंतर जे दिसतं ते पाहून माणूस घाबरतो. कंबर डोलवत, घशातून घुर्रर्र आवाज काढत एकमेकांभोवती फिरणं, मागे हुंगणं, पाठलाग, अंगावर चढणं, हनुवटी वर करणं, मानेचे केस फुलवणं, जांभई देऊन दात दाखवणं, हे सगळं चालतं. मोठा कोण एवढंच ठरतंय. दात कटकट वाजवणं ही पहिली धमकी, थोडी असेल तर चालते, थांबतच नसेल तर लक्ष द्यायचं. खरी मारामारी वेगळीच दिसते, दोघं मागच्या पायांवर उभे राहून तोंडावर झेप घेतात नाहीतर एकमेकांत गुंतून चेंडूसारखे लोळतात आणि रक्त निघतं. तेव्हा हात मधे घालू नका! चिडलेला नर कोणाचं बोट आहे ते पाहत नाही. जाड टॉवेल टाका किंवा सुपाने दोघांच्या मधे आड करा.

लोक चुकतात ते उलट बाजूनेच, घुर्रर्र ऐकून पाच मिनिटांत वेगळं करतात, दुसऱ्या दिवशी परत सोडतात, परत वेगळं, आणि प्रत्येक वेळी त्या बिचाऱ्यांना मोठेपणाचा सगळा तमाशा पहिल्यापासून करावा लागतो. रक्त नाही तर वेगळं करायचं नाही. शांत होऊन शेजारी बसून चरायला लागले की मग धुतलेल्या, नवी मांडणी केलेल्या पिंजऱ्यात दोघांना सोबतच टाकायचं. पुढे पंधरा दिवस कुरबुर राहते. नंतर मात्र सगळा पिंजरा एकाच वेळी घासून काढू नये, थोडं जुनं अंथरूण ठेवावं, वास पुसला गेला की सीमा आखणं पुन्हा सुरू.

साधारण चार महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत नरांच्या अंगात मस्ती येते, आणि आतापर्यंत गळ्यात गळा घालून झोपणारे दोघं याच काळात वैरी होतात. मोडणाऱ्या बहुतेक जोड्या इथेच मोडतात, थोडा धीर आणि थोडी जास्त जागा दिली तर बऱ्याचशा निभावतात. नसबंदीने दोन नरांचं भांडण थांबेल ही आशा फारशी खरी नाही, ती पिल्लं थांबवायला आहे.

उन्हाळा

गिनीपिगला १८ ते २४ अंश बरं वाटतं, तिशीच्या पुढे जीवाला धोका. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, नागपूर, चंद्रपूर, अकोला, कुठेही. टिनाच्या छपराखाली पिंजरा असेल तर दुपारी जनावर वाचत नाही, साधा हिशोब आहे. मातीच्या भिंतीची आतली खोली सगळ्यात चांगली. कूलर चालतो, आपला उन्हाळा कोरडा असतो म्हणून, पण झोत थेट अंगावर नको. आणि इथेच जोडीचा प्रश्न येतो. फरशीचा गार तुकडा एकच ठेवला की मोठा त्याच्यावर पसरतो, लहान बाजूला धापा टाकतो, संध्याकाळी दोघांच्या तोंडावर ओरखडे. तुकडे दोन ठेवा, शक्यतो तीन. लाईट गेली की कूलर बंद, म्हणून बर्फ केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन टोकांना, बाजूच्या जाळीवर ओलं गोणपाट. लाळ गळते, आडवा पडून भराभर श्वास घेतो, तर ती उष्माघाताची खूण, गार (बर्फाच्या नाही) पाण्याने कान आणि पाय ओले करत डॉक्टरकडे.

खाणं, वजन, जखमा

मुख्य खाणं गवत, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि गवतानेच झिजतात. हरळी उत्तम. वाळलेल्या गवतात कुसळी नको, कुसळं तोंडात रुततात. तणस आणि गव्हाचं कुटार पोट भरतं पण अंगी लागत नाही. गाजरगवत विषारी, आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) किंवा सोयाबीनच्या धुऱ्यावरचं गवत फवारणीच्या दिवसांत चुकूनही नको. माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगमध्येच स्कर्व्ही, म्हणजे हे जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, घडवून दाखवली होती. म्हणून रोज शिमला मिरचीचा तुकडा, सांभार (कोथिंबीर), अधूनमधून जामाची (पेरूची) फोड. दोघांना दोन तुकडे, हे सांगायला नकोच.

किराणा दुकानातल्या काट्यावर दर आठवड्याला दोघांचं वजन घ्यावं. भांडण रात्री होतं, आपल्याला दिसत नाही, पण दबलेल्या नराचं वजन खरं बोलतं. पन्नास ग्रॅमच्या वर घटलं तर त्याला खायला मिळत नाहीये किंवा तो आजारी आहे.

चावा बसलाच तर मिठाच्या पाण्याने धुवा, हळद चोपडत बसू नका, चावा आत सडून गाठ होते. आणि एक गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरलाही आठवण करून द्यावी, कारण त्यांचा हात गाई-बकऱ्यांवर बसलेला असतो: पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन गिनीपिगला देऊ नये, आतड्यातले चांगले जीवाणू मरतात आणि जनावरही जातं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणून फोडून पाजणं तर नकोच.

जमलंच नाही तर पिंजऱ्याच्या मधे जाळी लावून दोन भाग करायचे, जाळी इतकी बारीक की नाक पलीकडे जाणार नाही. एकमेकांचा वास आणि आवाज मिळत राहतो, एकटं पडत नाहीत. दोघांपैकी एक मेला तर उरलेल्यासाठी परत पिल्लूच बघावं, पण मे महिन्यात नवी जोडी जुळवायला घेऊ नये, उन्हाने आधीच दोघांची डोकी तापलेली असतात, पाऊस पडून आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत.