नोगी, मारेसुके : पोर्ट आर्थरचा विजय आणि त्याची किंमत

नोगी, मारेसुके (१८४९–१९१२) : जपानी सेनापती. रशिया-जपान युद्धात (१९०४–०५) पोर्ट आर्थर जिंकणाऱ्या तिसऱ्या सैन्याचे प्रमुख. सेनापतीला त्याच्या विजयावरून जोखावे की त्या विजयापायी पडलेल्या माणसांवरून, हा वाद जपानमध्ये निघाला की नोगींचे नाव हमखास येते.

मांचुरियाच्या (ईशान्य चीन) दक्षिण टोकाचे हे बंदर नोगींना परके नव्हते. १८९४ च्या चीन-जपान युद्धात ते जपानी सैन्याने एका दिवसात घेतले, तेव्हा नोगी तेथे ब्रिगेडचे प्रमुख होते. पुढे हे बंदर रशियाच्या ताब्यात गेले आणि भोवतीच्या टेकड्यांवर काँक्रीटचे बुरूज, खोल खंदक, काटेरी तारा व मशीनगन आल्या. १९ ऑगस्ट १९०४ रोजी जपानी पायदळ या तटबंदीवर समोरून चालून गेले आणि आठवडाभराच्या आत सुमारे १६,००० सैनिक मृत वा जखमी झाले. २ जानेवारी १९०५ रोजी शरणागतीचा करार झाला, तोपर्यंत हा आकडा ६०,००० च्या घरात पोहोचला होता. नोगींचा थोरला मुलगा मे महिन्यात नानशानच्या लढाईत पडला होता; धाकटा नोव्हेंबरअखेर ‘२०३ मीटर’ टेकडीजवळ मारला गेला.

नोगींच्या बाजूने बोलणारे घाईचे कारण पुढे करतात आणि ते खरे आहे. रशियाचे बाल्टिक आरमार अर्ध्या जगाला वळसा घालून निघाले होते. ते पोहोचण्याआधी बंदरातील रशियन जहाजे बुडवणे जपानला भाग होते. मात्र त्यासाठी सगळे बंदर घेण्याची गरज नव्हती. ‘२०३ मीटर’ टेकडीच्या माथ्यावरून बंदर स्पष्ट दिसत असे, आणि ५ डिसेंबरला ती हाती येताच तेथे बसलेल्या निरीक्षकांच्या इशाऱ्यावर २८ सेंटिमीटर तोफांनी काही दिवसांतच बहुतेक जहाजे निकामी केली. नोगींनी आपला मुख्य जोर दीर्घकाळ पूर्वेकडील भक्कम किल्ल्यांवरच ठेवला होता. त्यांच्यावरचा खरा ठपका माणसे गमावल्याचा नसून, ऑगस्टमध्ये फसलेला मार्ग नोव्हेंबरपर्यंत न सोडल्याचा आहे. अखेरच्या टप्प्यात मांचुरियातील जपानी सैन्याचे स्टाफप्रमुख कोदामा गेन्तारो यांनी येऊन सूत्रे हलवली असे सांगितले जाते. त्यांचा वाटा नेमका किती, यावर अजूनही दुमत आहे.

शिवाय हानीचा हिशेब एकट्या सेनापतीच्या नावावर मांडता येत नाही. या युद्धात जपानी लष्कराचे हजारो सैनिक गोळीने नव्हे, तर बेरीबेरी या ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने मेले. पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातावर सैन्य पोसण्याचा हट्ट लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा होता आणि आरमाराने १८८० च्या दशकातच आहार बदलून तो रोग आटोक्यात आणला होता. दुसऱ्या बाजूला, किल्ल्यात दारूगोळा व अन्न शिल्लक असताना शरण आले म्हणून रशियन सेनापती स्टेसेल यांना १९०८ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला (तो पुढे कमी झाला). एकाच वेढ्यात एकावर माणसे उधळल्याचा आरोप, तर दुसऱ्यावर लढाई लवकर सोडल्याचा.

मराठीत अशा विजयाला ‘गड आला पण सिंह गेला’ म्हणतात. त्या उद्गारात गेलेला माणूस एकच, आणि त्याचे नाव सर्वांना ठाऊक. नोगींपुढे गेलेल्यांची यादीच होती. चिनी भाषेत रचलेल्या एका कवितेत त्यांनी विचारले, की मृतांच्या वडीलधाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने भेटू. आज विजयगीत गात कितीजण परततील? ‘२०३’ या आकड्याच्या ‘नि-रेइ-सान’ या उच्चारावर श्लेष साधून त्यांनी त्या टेकडीला ‘तुझ्या आत्म्याचा डोंगर’ असे नावही दिले. परतल्यावर त्यांनी सम्राट मेइजींकडे मरणाची परवानगी मागितली आणि मी हयात असेपर्यंत ती मिळणार नाही असे सम्राटांनी सांगितले, अशी हकीकत आहे.

१३ सप्टेंबर १९१२ रोजी, सम्राटांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, नोगी व त्यांच्या पत्नी शिझुको यांनी आत्महत्या केली. स्वामिनिष्ठेचे प्रतीक म्हणून पुढे त्यांचे देवस्थान उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कादंबरीकार शिबा र्योतारो यांनी त्यांना अकुशल सेनापती म्हणून रंगवले आणि सर्वसामान्य वाचकांत तीच प्रतिमा रुजली. मृत्युपत्रात मात्र नोगींनी पोर्ट आर्थरचे कारण दिलेले नाही. १८७७ च्या सात्सुमा बंडात (सरकारविरुद्ध सामुराईंचा उठाव) आपल्या रेजिमेंटचा ध्वज शत्रूच्या हाती गेला, तेव्हापासून आपण मरणाची संधी शोधत होतो, असे त्यांनी लिहिले.