सीओपीडीतील स्नायुदौर्बल्य

सीओपीडी या नावाने परिचित असलेल्या दीर्घकालीन फुप्फुसविकारात हातापायांच्या, विशेषतः मांडीच्या, स्नायूंची ताकद आणि दीर्घकाळ काम करण्याची क्षमता घटते; त्या अवस्थेस सीओपीडीतील स्नायुदौर्बल्य ही संज्ञा लावतात.

श्रम करताना रुग्ण थांबतो तो धाप लागल्यामुळे, ही समजूत साधारणतः १९९० नंतर डळमळीत झाली. कॅनडातील किलियन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थिर सायकल चालवणाऱ्या अनेक रुग्णांनी पायांची थकावट धापेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक असल्याचे नोंदवले. जिन्यात कठडा धरून उभा राहिलेला रुग्ण ‘पाय भरून आले’ म्हणतो, ते शब्दशः खरे असू शकते.

मांडीच्या पुढील क्वाड्रिसेप्स स्नायूत दमदार, प्राणवायूवर चालणारे मंद तंतू कमी होऊन लवकर थकणाऱ्या जलद तंतूंचे प्रमाण वाढते आणि तंतुकणिकांची (पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची) कार्यक्षमता घटते. परिणामी थोड्याशा श्रमानेही लॅक्टिक अम्ल साचू लागते व त्यामुळे श्वसनाची गरज आणखी वाढते.

या बदलाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मूलतः रोगजन्य असून दाह, प्राणवायूची कमतरता, कुपोषण व स्टेरॉइड औषधे त्यास कारणीभूत ठरतात. दुसऱ्या मतानुसार धापेच्या भीतीने हालचाल कमी झाल्याचा तो परिणाम आहे. लेव्हिन व सहकाऱ्यांना १९९७ मध्ये तीव्र सीओपीडीच्या रुग्णांच्या श्वासपटलात (छाती व पोट यांमधील श्वसनाच्या मुख्य स्नायूत) नेमका उलटा बदल आढळला: तेथे मंद तंतूंचे प्रमाण वाढलेले होते. दोन्ही स्नायूंना पुरवठा करणारे रक्त एकच, औषधेही तीच. फरक इतकाच की श्वासपटलाला विश्रांती नसते. हाताचे स्नायूही पायांच्या मानाने कमी दुबळे होतात. यावरून निष्क्रियतेचा वाटा मोठा असावा असे दिसते. तथापि सौम्य विकारातही काहींमध्ये दुर्बलता आढळत असल्याने पहिले मत सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. स्टेरॉइडांचा दीर्घ वापर असल्यास त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

व्यायामक्षमता मोजण्यासाठी सहा मिनिटांची चालचाचणी रूढ असून तीत चाललेल्या अंतरात सुमारे ३० मीटरांची वाढ अर्थपूर्ण मानतात. साधारणतः ६ ते १२ आठवड्यांच्या पर्यवेक्षित प्रशिक्षणाने पायांची ताकद व सहनशक्ती वाढते, पण श्वासनलिकांतील अडथळा जवळपास तसाच राहतो. सराव सुटल्यास हा लाभ हळूहळू ओसरतो.